जुना रेंजफाइंडर : एकच ठेवायचा तर कोणता?

निवांत_फ्रेम (धागाकर्ता)

३५ मिमी रोलचा, हाताने फोकस करायचा एकच जुना रेंजफाइंडर (खिडकीतल्या दोन प्रतिमा एकावर एक जुळवून फोकस करायचा कॅमेरा) कायम जवळ ठेवायचा असेल तर तुम्ही कोणता निवडाल आणि का? नुसतं नाव देऊ नका, कारण तपशिलात द्या.

माझ्या अटी अशा. लेन्स ४० ते ५० मिमी आणि निदान एफ/२ इतकी उजळ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). घरातल्या दिव्यात ४०० एएसएच्या (रोलची उजेडाची संवेदनक्षमता) रोलवर चालायला हवी. सेल संपला तरी कॅमेरा थांबता कामा नये. आणि बिघडला तर आपल्याकडचा घड्याळजी किंवा कॅमेरा दुरुस्त करणारा कारागीर त्याला हात लावायला तयार व्हावा.

यात माझं मत कॅननचा कॅनोनेट क्यूएल१७ जीथ्री, म्हणजे १९७२ चं मॉडेल. लेन्स ४० मिमी एफ/१.७, कोपाल कंपनीचं पानांचं शटर (लेन्समध्येच उघडमीट करणारी पातळ पानं), वेग १/४ ते १/५०० सेकंद आणि बी (बटण दाबून ठेवाल तोवर उघडं). ऑटोवर वेग आपण निवडायचा, अॅपर्चर (लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक) कॅमेरा ठरवतो. सेल काढून टाका, सगळे वेग यांत्रिक असल्यामुळे तसेच चालतात, फक्त उजेड मोजणारा मीटर बंद. मीटरचा डोळा फिल्टरच्या रिंगच्या आत असल्यामुळे पिवळा फिल्टर लावला तरी हिशेब आपोआप होतो. फ्रेमच्या रेषा फोकसबरोबर सरकतात, त्यामुळे जवळच्या चेहऱ्याचं डोकं कापलं जात नाही. रोल भरणंही सोपं: टोक खुणेपर्यंत ओढायचं आणि झाकण लावायचं.

उणीव एकच मोठी. मॅन्युअलवर नेलं की मीटर बंद होतो. बाकी काही असेल तर सांगा.

सोनेरी_पॅच

माझं मत याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. पहिली इलेक्ट्रो १९६६ ची, जीएसएन १९७३ ची. लेन्स ४५ मिमी एफ/१.७. अॅपर्चर तुम्ही लावायचं, वेग कॅमेरा ठरवतो, आणि तो टप्प्याटप्प्याने नाही, सलग. १/५०० पासून पार ३० सेकंदांपर्यंत. संध्याकाळी घाटावर किंवा देवळाच्या गाभाऱ्यात तिपाई लावून एफ/८ ठेवा, बटण दाबा, कॅमेरा आपला आपण १०–१२ सेकंद शटर उघडं ठेवील. कॅनोनेट ऑटोवर १/४ च्या खाली जातच नाही.

बटण अर्धं दाबलं की पिवळा दिवा म्हणजे वेग १/३० च्या खाली, हात टेकवा. लाल दिवा म्हणजे उजेड जास्त, अॅपर्चर बारीक करा. रिंग कुठल्या बाजूला फिरवायची ते बाण सांगतो. इतकी सोपी व्यवस्था दुसऱ्या कुठल्या रेंजफाइंडरमध्ये मला दिसत नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मीटरचा डोळा लेन्सवर नसून वरच्या पट्टीत आहे, म्हणून फिल्टर लावला तर एएसए चकती हाताने बदलावी लागते: अर्धा उजेड खाणाऱ्या फिल्टरला ४०० ऐवजी २००. आणि वजन साधारण पाऊण किलो. कॅनोनेट ६२० ग्रॅम आहे, फरक गळ्याला जाणवतो.

निवांत_फ्रेम

इलेक्ट्रोची लेन्स उत्तम आहे, वाद नाही. पण सेल संपला की फक्त १/५०० उरतो. माझी तिसरी अट तिथेच मोडते.

सोनेरी_पॅच

मान्य. पण तो सेल फार काळ टिकतो. मूळ सेल ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा, तो आता बनत नाही. त्याऐवजी ६ व्होल्टचा ४एलआर४४ घ्या. तो १३ मिमी जाड आणि २५ मिमी लांब, खाच मात्र मोठी. म्हणून जाड कागदाची सुरनळी करून सेल मधोमध बसवायचा आणि उरलेल्या लांबीत स्प्रिंग घालायची. स्प्रिंग धातूचीच हवी, तिच्यातूनच वीज जाते. ०.४ व्होल्टच्या फरकाने नेगेटिव्हवर दिसण्याइतकं काही बिघडत नाही. मागचं बटण दाबल्यावर फ्रेम मोजणारी खिडकी हिरवी उजळली की सेल ठीक.

इलेक्ट्रो घेताना खरी परीक्षा दुसरीच आहे. रोल पुढे नेणारा दांडा फिरवताना शेवटी आतून स्पष्ट 'खट्' असा आवाज यायला हवा. आत रबराची एक छोटी गादी असते, पन्नास वर्षांत तिचा चुरा होतो. ती गेली की आतली दांडी पूर्ण परत येत नाही, विजेचे संपर्क जागेवर बसत नाहीत, आणि मग कॅमेरा सांगतो एक वेग, देतो दुसराच. दिवे लागतात, शटर वाजतं, सगळं ठीक वाटतं आणि रोल मात्र जास्त उजेडाने जळतो. 'खट्' नसेल तर किंमत त्याच मानाने बोला, किंवा परत ठेवा. दुरुस्ती होते, पण कॅमेरा उघडावाच लागतो.

कापडी_पडदा

दोन्ही चांगले, पण दोघांनाही लेन्स बदलता येत नाही. एकच कॅमेरा ठेवायचा तर ३९ मिमीच्या स्क्रूचा घ्या. त्या माउंटला (लेन्स बसवायच्या जागेला) लायका, कॅनन, निक्कोर आणि सोव्हिएत, सगळ्या लेन्स बसतात.

स्वस्तात घ्यायचा तर बहुतेक जण झोर्की-४ कडे वळतात, कारण तो क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातून १९५६ ते १९७३ दरम्यान लाखोंनी निघाला. माझा कौल खार्किवच्या फेड-२ ला, आणि कारण मोजता येण्याजोगं आहे. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर झोर्की-४ मध्ये ३८ मिमी, फेड-२ मध्ये ६७ मिमी. हा पाया जितका रुंद, तितका थोड्या चुकीलाही पॅच (मधला ठिपका, जिथे दुसरी प्रतिमा दिसते) सरकलेला दिसतो. पण नुसतं अंतर पाहून भागत नाही, त्याला व्ह्यूफाइंडरच्या मोठेपणाने, म्हणजे त्यातून दृश्य किती पट दिसतं त्याने, गुणायचं. फेड-२ : ६७ × ०.७५, म्हणजे ५०. लायका एम३ : ६८.५ × ०.९१, म्हणजे ६२. एम२ : ६८.५ × ०.७२, म्हणजे ४९. जुन्या लायका ३ चा पाया अवघा ३९ मिमी, पण रेंजफाइंडरची खिडकी दीडपट मोठं दाखवते, म्हणून तीही ५८ च्या आसपास जाते.

५० मिमी एफ/१.४ लेन्सला असा गुणलेला पाया सुमारे १८ मिमी पुरतो, ९० मिमी एफ/२ ला ४०, आणि १३५ मिमी एफ/४ ला ४६. (डोळ्याची सूक्ष्मता एक मिनिट कोन आणि फिल्मवर ०.०३ मिमी धूसरपणा चालतो असं धरून.) हे सगळं आदर्श स्थितीत. जुन्या कॅमेऱ्यातली झीज धरली तर दुप्पट हवं. म्हणजे ५० मिमीला या सगळ्यांचा पाया पुरेसा आहे, मोठ्या लेन्ससाठीच हा आकडा निर्णायक ठरतो.

सोव्हिएत कॅमेऱ्यांचा एक नियम मोडू नका: आधी शटर चढवा (रोल पुढे नेऊन तयार करा), मग वेगाची चकती फिरवा. न चढवता फिरवली तर आतली खीळ वाकू शकते, आणि मग चकती दाखवते तो वेग मिळत नाही.

दूरच्या_रेषा

कापडी_पडदा यांच्या आकड्यांशी सहमत. एक जोड देतो. सोव्हिएत ५० मिमी लेन्स (ज्युपिटर-८ वगैरे) लायकाच्या मापाशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यांचं मूळ माप कॉन्टॅक्स या दुसऱ्या कॅमेऱ्याचं. फेड-झोर्कीवर ठीक. लायका किंवा कॅननवर अनंताला (अगदी लांबच्या अंतराला) बरोबर असलेली तीच लेन्स एफ/२ वर मीटरभर अंतरावर काही सेंटिमीटर चुकू शकते. एफ/५.६ वर ते झाकलं जातं. उघड्या अॅपर्चरवर चेहरे काढायचे असतील तर त्या जोडीची चाचणी घेतल्याशिवाय लेन्स घेऊ नका.

आणि 'लायका' म्हणून फेड-झोर्की विकले जातात, सोनेरी मुलामा आणि लष्करी खुणांसकट. लेन्स काढून आत वर पाहा. लेन्सला टेकणारं टोक गोल चाकासारखं असेल तर लायका, चपट्या पाचरीसारखं असेल तर सोव्हिएत. वरची कोरीव अक्षरं कुणीही कोरू शकतो, आतलं चाक बदलण्याचे कष्ट सहसा कुणी घेत नाही.

मंद_वेग

शटरच्या कापडी पडद्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. फेड, झोर्की, लायका, यांत आरसा नसतो. उन्हात लेन्स सूर्याकडे रोखून कॅमेरा टेबलावर ठेवला तर लेन्स भिंगासारखी पडद्यावर ठिपका जाळते. विदर्भातल्या मेच्या दुपारी याला फार वेळ लागत नाही. टोपी लावा किंवा निदान अॅपर्चर एफ/१६ वर ठेवा. आणि टोपी काढायला विसरू नका, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये ती दिसत नाही. अख्खा रोल कोरा जाण्याचं हे नेहमीचं कारण.

भोकं तपासायची पद्धत: लेन्स काढा, मागचं झाकण उघडा, अंधाऱ्या खोलीत समोरून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर जवळ धरून मागून पाहा. मग शटर चढवून पुन्हा पाहा, कारण आता दुसरा भाग समोर आला. ताऱ्यांसारखे ठिपके दिसले तर फोटोत त्याच जागी उजळ डाग येणार. दोन-तीन ठिपके काळ्या कापडी रंगाने पातळ हाताने बुजवता येतात. जाड थर दिला तर पडदा कडक होऊन वेग बदलतो. पडद्याला बारीक सुरकुत्या पडून रबर तडकलं असेल तर पडदाच बदलावा लागतो.

नवी_काच

कॅनोनेटचा विचार पक्का होतोय. पण त्याचा पीएक्स६२५ सेल मिळत नाही, आणि सगळे सांगतात एलआर४४ घाल, चालतं. चालतं का?

सेल_आणि_तारा

शटर चालतं, मीटर खोटं बोलतो. मूळ पाऱ्याचा सेल १.३५ व्होल्टचा, आणि शेवटपर्यंत तेवढाच राहणारा. एलआर४४ अल्कलाइन, नवा असताना १.५ च्या वर, वापरत जाल तसा उतरत जाणारा. व्होल्ट जास्त म्हणजे मीटरमधून प्रवाह जास्त, काट्याला वाटतं उजेड जास्त आहे, मग तो अॅपर्चर बारीक करतो. नेगेटिव्ह पातळ येतात. एएसए कमी लावून भरपाई करता येईल असं वाटतं, पण उन्हात आणि सावलीत चूक सारखी नसते, म्हणून एका आकड्याने ती पुरती भागत नाही.

तीन मार्ग आहेत.

पहिला, कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल. १.४ व्होल्ट, जवळजवळ स्थिर. औषधाच्या दुकानात मिळतो. व्यास ११.६ मिमी, खाच १६ मिमीची, म्हणून भोवती रबराची ओ-रिंग घाला म्हणजे मधोमध बसेल. चिकटपट्टी काढल्यावर एक-दोन मिनिटं हवा खाऊ द्या, मगच बसवा. एकदा पट्टी काढली की वापरा अथवा नका वापरू, दोन-तीन महिन्यांत तो संपतो. पट्टी पुन्हा लावून फारसा फायदा होत नाही.

दुसरा, एमआर-९ नावाचा अडॅप्टर आणि त्यात एसआर४३ सिल्व्हर ऑक्साइड सेल. अडॅप्टरमधला भाग १.५५ व्होल्ट १.३५ वर आणतो. एकदाच खर्च, वर्षभर निश्चिंती. माझी शिफारस हीच.

तिसरा, कारागिराकडून आत शॉटकी डायोड (व्होल्ट थोडे उतरवणारा छोटा भाग) लावून घेणं. कॅमेरा कुठल्याही कारणाने उघडणारच असेल तर हे काम त्याच वेळी करून घ्या.

सेलच्या खाचेत हिरवट-पांढरी पूड दिसली तर कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करा. तरीही मीटर हलत नसेल तर खाचेपासून निघणारी तार आतून कुजलेली असते. नवी तार जोडणं हे सोपं काम आहे, त्यासाठी मीटर मेला असं समजून कॅमेरा टाकू नका.

दमट_हवा

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्या लोकांसाठी मॉडेलपेक्षा बुरशी महत्त्वाची. लेन्सच्या मागे टॉर्च धरून समोरून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखं दुधी दिसलं तर धूसरपणा, तो बहुतेकदा आतल्या तेलाच्या वाफेचा आणि पुसून जाणारा. कडेपासून आत येणारी इंद्रधनुषी चकाकी म्हणजे दोन भिंगं चिकटवणारा डिंक सुटतोय, तिथे हात लावू नका.

बुरशी पुसली जाते, पण तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर खुणा राहतात. कडेला दोन-चार खुणा असल्या तर फोटोत काही दिसत नाही. मधोमध जाळं असेल तर समोरून ऊन आल्यावर सगळा फोटो फिका पडतो.

ठेवताना मूळ चामडी केसमध्ये ठेवू नका. चामडं ओलावा धरून ठेवतं आणि बुरशी तिथूनच लेन्सवर येते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असू द्या. ३० च्या खालीही नको, त्याने कापडी पडदे आणि चामडं कडक होतात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला जेल तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरा.

कोपरा_चाळीस

ऑलिम्पस ३५ आरसी चं नाव कुणी घेतलं नाही. १९७० चा, ४१० ग्रॅमचा, खरोखर खिशात मावणारा. व्ह्यूफाइंडरमध्ये वेग आणि अॅपर्चर दोन्ही दिसतात. मॅन्युअलवर सेलशिवाय चालतो. लेन्स ४२ मिमी एफ/२.८. धागाकर्त्यांच्या एफ/२ च्या अटीत बसत नाही हे खरं, पण एफ/१.७ आणि एफ/२.८ मध्ये दीड स्टॉपचाच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) फरक आहे. रोज बरोबर नेला जाणारा कॅमेरा म्हणून मी तो वर ठेवतो. सर्वात मंद वेग मात्र १/१५.

निवांत_फ्रेम

दीड स्टॉप म्हणजे १/३० ऐवजी जेमतेम १/१०. घरातल्या माणसांच्या फोटोंना तो फरक मोठा आहे. पण वजनाचा मुद्दा पटतो.

लायकाबद्दल बोला. एम२ की एम३?

दूरच्या_रेषा

लेन्सवरून ठरवा. ५० मिमी हीच तुमची लेन्स असेल तर १९५४ चा एम३. त्याच्यात ५० ची चौकट कायम दिसते, ९० आणि १३५ ची लेन्स लावल्यावर तिची चौकट येते, आणि ०.९१ मोठेपणामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं. ३५ मिमी वापरणार असाल तर एम२, कारण त्यात ३५, ५०, ९० अशा चौकटी आहेत. एम३ ला ३५ साठी चष्मा लावलेली खास लेन्स किंवा वेगळा फाइंडर घ्यावा लागतो. चष्मा वापरणाऱ्यांनाही एम२ जास्त सोयीचा, चौकटीच्या कडा पुरत्या दिसतात.

दोघांनाही मीटर नाही. वेग १ सेकंद ते १/१०००, फ्लॅश मात्र १/५० वर. कॅनोनेटसारख्या पानांच्या शटरला फ्लॅश कुठल्याही वेगावर चालतो, म्हणजे उन्हात चेहऱ्यावर फ्लॅश मारायचा तर साठ वर्षांपूर्वीच्या लायकापेक्षा कॅनोनेट बरा.

एम३ घेताना पॅचमध्ये पाहा. तो काळवंडलेला किंवा अर्धा नाहीसा असेल तर आतल्या प्रिझमचा डिंक सुटला आहे. तो खर्च एका चांगल्या कॅनोनेटच्या किमतीच्या पलीकडे जाऊ शकतो. असे कॅमेरे बाहेरून नवेकोरे दिसतात.

मंद_वेग

दुकानात उभ्या उभ्या तपासायचा क्रम, मॉडेल कुठलंही असो:

मागचं झाकण उघडून आधी १/५०० वर पाच-सहा वेळा शटर मारा, मग बी, मग १ सेकंद किंवा जो सर्वात मंद असेल तो. पानांच्या शटरमध्ये पाठीमागून पाहताना पानं पूर्ण उघडून पूर्ण मिटायला हवीत. पहिल्या एक-दोन वेळा अडकून मग सुरळीत झाली तर पानांवर तेल आलं आहे, सध्या सुरळीत दिसली तरी चार दिवस कपाटात राहिली की पुन्हा अडकतील. कॅनोनेटचं हे सर्वात मोठं दुखणं. स्वच्छ करता येतं: समोरची नावाची रिंग रबरी टोकाने फिरवून काढायची, पुढची भिंगं बाहेर, मग पानांवर लायटर फ्लुइडचे एक-दोन थेंब, शटर पन्नास वेळा, टिपून कोरडं, पुन्हा तेच, तेल येणं थांबेपर्यंत. शटर बुडेल इतकं ओतू नका, तेल विरघळून लेन्सच्या आतल्या बाजूवर जाऊन बसतं. पानांना पुन्हा तेल द्यायचं नाही. ती कोरडीच चालतात.

मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ काढून मंद वेग मोजता येतात. १/३० म्हणजे साधारण आठ फ्रेम. १/१२५ च्या वर ही पद्धत निरुपयोगी.

सेल्फ टायमर चालवून पाहू नका. जुन्या कॅमेऱ्यात तो मध्येच अडकला तर शटरही अडकतं, आणि मग दुकानदाराशी बोलणं वेगळ्याच वळणावर जातं.

शेवटी फोकस. लांबची एखादी गोष्ट, निदान अर्धा किलोमीटर दूरची, टॉवर किंवा डोंगरावरचं देऊळ, अनंतावर दोन प्रतिमा एक होतात का ते पाहा. उभ्या रेषेत फरक असेल, म्हणजे एक प्रतिमा वर आणि एक खाली, तर मोजणी बिघडत नाही, पण डोळा थकतो.

सोनेरी_पॅच

पॅच फिका असेल तर काच पुसायच्या मोहात पडू नका. आतल्या अर्ध्या आरशावरचा मुलामा अतिशय नाजूक असतो, कापसाच्या एका फटक्यात निघून जातो आणि मग पॅच कायमचा जातो. हवेने धूळ उडवा, बस. बाहेरून एक उपाय आहे: व्ह्यूफाइंडरच्या समोरच्या काचेवर बरोबर मध्यभागी काळ्या टेपचा दोन-तीन मिमीचा तुकडा लावा. मधली थेट प्रतिमा झाकली गेल्यामुळे दुसरी प्रतिमा उठून दिसते. फोटोवर काहीही परिणाम नाही.

नवी_काच

कॅनोनेट मिळाला. 'अनंत' ठीक आहे, पानं सुरळीत, झाकणाच्या खाचांतला उजेड अडवणारा फोम मात्र चिकट डिंक झाला आहे. तो न बदलता पहिला रोल घातला तर?

मंद_वेग

उजेड आत येऊन फोटोंच्या कडेला नारिंगी पट्टे उमटतील, बिजागरीच्या बाजूने जास्त. शिवाय तो डिंक रोलला आणि शटरलाही चिकटतो. आधी बदला.

बांबूची काडी टोकदार करा, ९९ टक्के आयसोप्रोपिलमध्ये भिजवून खाचेतला डिंक उकरून काढा. कॅमेरा उलटा धरा म्हणजे तुकडे आत पडणार नाहीत, आणि शटरसमोर कागद लावून ठेवा. खाच पूर्ण वाळू द्या. वरच्या आणि खालच्या अरुंद खाचांत फोमऐवजी काळी लोकर घातली तरी चालते. ती कधी वितळत नाही. खाचेच्या तळाला पातळसा गोंद लावून ती दाबून बसवा. बिजागरीच्या बाजूला मात्र दीड-दोन मिमी जाड फोमची रुंद पट्टी हवी. झाकण बंद करताना जोर लावावा लागला तर फोम जाड झाला. तसाच ठेवला तर झाकण नीट बसत नाही.

निवांत_फ्रेम

पहिला रोल चाचणीचा करा, ४०० चा कृष्णधवल. तिपाईवर कॅमेरा, एफ/१.७, अंतर १ मीटर. या अंतराला ४० मिमीच्या लेन्सची स्पष्ट दिसणारी एकूण खोली साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे पुढे-मागे तीन-तीनच. टेबलावर तिरकी मोजपट्टी ठेवून बरोबर मधल्या आकड्यावर फोकस करा आणि तीन फ्रेम काढा, दर वेळी रिंग फिरवून नव्याने फोकस लावून. तीनही फ्रेममध्ये एकाच बाजूला सारखी चूक दिसली तर रेंजफाइंडर जुळवायला हवा. चूक कधी पुढे कधी मागे असेल तर दोष डोळ्याचा किंवा फिक्या पॅचचा. मग अनंतावर दोन फ्रेम. मग एकाच भिंतीचे, एकाच उजेडात, रोलवर सारखाच उजेड पडेल असे फोटो: १/५०० ला एफ/५.६, १/२५० ला एफ/८, १/१२५ ला एफ/११, १/६० ला एफ/१६. चारही नेगेटिव्ह सारख्या दाट आल्या तर शटर ठीक. ही भिंत ४०० च्या रोलला ऐन उन्हातली नको, हलक्या ढगाखालची किंवा चार वाजल्यानंतरची घ्या. आणि फ्रेम नंबर, वेग, अॅपर्चर वहीत लिहून ठेवा. नाहीतर नेगेटिव्ह हातात आल्यावर कुठली कशाची ते कळणार नाही.

नवी_काच

लोकर आणि मोजपट्टी घरात आहे. फोम आणि एमआर-९ मागवले. नेगेटिव्ह आल्या की इथेच टाकते.